लिननचा दोरा घोटायचा कशानं? एका पूल क्यूच्या मुठीचं प्रकरण

क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, अमेरिकी धाटणीचा, दोन तुकड्यांचा, ५८ इंच लांब, १९ औंस म्हणजे साधारण ५४० ग्रॅम वजनाचा. मुठीवर फूटभर लांबीत आयरिश लिननचा दोरा गुंडाळलेला, पांढऱ्यात हिरवे ठिपके. मालकीण कोथरूडला राहते, नाइन-बॉल हा पूलचा प्रकार मन लावून खेळते. जुना दोरा मळून सुटायला लागला म्हणून तिनं तो एका ठिकाणी बदलून घेतला होता, आणि तेव्हापासून तिचं क्यूशी जमेना. माझ्याकडे आली ती थेट तक्रार घेऊन. ‘काका, सुतळी धरल्यासारखं वाटतंय. मागे बरं आहे, पण पुढे हात सरकवला की खरखरतं. आणि इथे टोकाला गाठ लागते बघा.’

मूठ हातात घेतल्यावर तिन्ही गोष्टी बोटांना लगेच कळल्या. मागच्या अर्ध्या भागात दोरा सपाट बसलेला होता, पुढच्या अर्ध्यात फुगीर. पुढच्या टोकाला एक उंचवटा होता. दोरा चांगल्या प्रतीचा होता आणि गुंडाळीही बहुतेक ठिकाणी घट्ट होती. बिघडलं होतं ते घोटण्यात, म्हणजे गुंडाळलेला दोरा दाबून सपाट करण्यात. त्यामुळे मुख्य प्रश्न हत्याराचा ठरला: लिननची मूठ घोटायला नेमकं काय वापरावं? पुण्यात याचं उत्तर सहज सांगेल असं कोणी मला भेटलं नाही, आणि त्याला कारण आहे. हे शहर बिलियर्ड्स आणि स्नूकरचं. १९५८ साली कोलकात्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकणारे विल्सन जोन्स १९२२ मध्ये पुण्यात जन्मले, पंकज अडवाणीचा जन्मही इथलाच, १९८५चा. पण बिलियर्ड्स-स्नूकरच्या क्यूला दोऱ्याची मूठ नसतेच, नुसतं पॉलिश केलेलं लाकूड असतं. क्यूची टिप बदलणारे, वाक काढणारे हात इथे आहेत. दोरा घोटणारे फार थोडे.

दोऱ्याला घोटायचं का, हे आधी स्पष्ट करतो, कारण हत्याराची निवड त्यावरच अवलंबून आहे. मुठीच्या लाकडात साधारण दोऱ्याच्या जाडीइतकी खोल खाच असते. अर्ध्या मिलिमीटरचा दोरा ३०० मिलिमीटर लांबीत शेजारी शेजारी बसवला तर ६०० वेढे होतात. मुठीचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर एका वेढ्याला सुमारे ९४ मिलिमीटर दोरा जातो, म्हणजे एकूण छप्पन-सत्तावन्न मीटर. प्रत्येक वेढा वरून गोल असतो, आणि हाताला लागतात ती हीच सहाशे गोल पाठं. घोटल्यावर पाठ सपाट होते, शेजारचे वेढे एकमेकांना भिडतात, दोऱ्याची पातळी आजूबाजूच्या पॉलिशशी जुळते. हात लाकडावरून दोऱ्यावर सरकताना कुठे अडकत नाही. तरीही दोरा घाम शोषतो आणि पकड देतो, म्हणून तर लोक लिनन मागतात.

आता लिननचा स्वभाव. जवसाच्या खोडातून निघणारा हा धागा मुख्यतः सेल्युलोजचा. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी धरून असतो. कापसाचा आकडा साडेआठच्या आसपास आहे. ओला झाला की तो फुगतो, आणि नायलॉनसारखा ताणला मात्र जात नाही. ओलेपणी कमकुवतही होत नाही, उलट थोडा अधिक मजबूत होतो, त्यामुळे ओल्या दोऱ्यावर जोर द्यायला घाबरायचं कारण नाही. सगळ्यांत महत्त्वाचं हे, की पूर्ण कोरडं सेल्युलोज मऊ व्हायला दोनशे अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते, आणि तेच पाण्यानं भिजलं की खोलीच्या तापमानालाही नमतं. म्हणजे दोऱ्याला आकार द्यायचे रस्ते दोन: उष्णता भरपूर आणि पाणी थोडं, किंवा पाणी योग्य आणि दाब स्थिर. इस्त्री पहिल्या रस्त्यानं जाते. माझा कल पहिल्यापासून दुसऱ्याकडे होता, पण कलावर कोणाच्या क्यूवर हात टाकायचा नसतो. म्हणून भवानी पेठेतल्या एका खरादवाल्या (लेथवर लाकूड कातणाऱ्या) मामांकडून मेपल लाकडाच्या तुकड्यांचे मुठीच्या व्यासाचे दांडे कातून घेतले, त्यांवर तशाच खाचा पाडल्या आणि तोच दोरा गुंडाळला. मालकिणीनं बाहेरून दोन रिळं मागवलेली होती. त्यातलं एक तिनं चाचण्यांसाठी देऊन टाकलं, हे तिचं मोठेपण.

इस्त्रीचा निकाल लवकर लागला. घरच्या इस्त्रीचा तळ सपाट आणि मूठ गोल, त्यामुळे दोन्ही एका रेषेतच टेकतात. तळाला वाफेची भोकं असतील तर त्यांच्या कडा दोऱ्यावर उमटतात. लिननच्या खुणेवर, म्हणजे कपड्याच्या लेबलवर तीन ठिपके असतात तिथे, तळ दोनशे अंशांपर्यंत जातो. मुठीच्या दोन्ही टोकांना पॉलिश संपतं-सुरू होतं, तिथे इतकी उष्णता पोचली की पॉलिशची कड उचकटते. विमानांच्या मॉडेलवर फिल्म चिकटवणारे हौशी लोक छोटी, तापमान धरून ठेवणारी इस्त्री वापरतात. ती हातात छान बसते आणि चाचणीच्या दांड्यावर तिनं कामही देखणं केलं.

पण तिलाही बाद करावं लागलं, आणि कारण दोऱ्याच्या खाली होतं. क्यूवरचा दोरा उतरवल्यावर खाचेत रबराच्या जातीचा गोंद सापडला, चपला चिकटवायला वापरतात त्या प्रकारचा. खरवडून तो बराच निघाला, तरी लाकडाच्या रेषांत उरलेला पूर्ण काढायचा तर लाकूडच काढावं लागलं असतं आणि खाच खोल झाली असती. एका दांड्यावर मुद्दाम तसाच गोंद लावून, खरवडून, वर दोरा चढवून छोटी इस्त्री फिरवली. थोड्या वेळात पांढऱ्या दोऱ्यातून पिवळे डाग वर आले. पांढरा पातळ फेविकॉल असता तरी तो उष्णतेनं मऊ पडलाच असता, फक्त डाग दिसला नसता. दुरुस्तीला आलेल्या क्यूच्या पोटात काय आहे याची खात्री नसते. नव्या क्यूवर स्वतःच खाच पाडून, स्वतःचाच गोंद वापरून काम करणाऱ्यानं गरम हत्यार वापरावं, त्याला माझी हरकत नाही. दुसऱ्यानं केलेल्या कामावर मी गरम हत्यार लावणार नाही.

राहिली थंड हत्यारं. यांची पहिली परीक्षा मी एकाच कापडावर घेतली. स्वच्छ पांढरा सुती कपडा ओला करून टेबलावर पसरला आणि प्रत्येक हत्यार त्यावर जोरानं घासलं. दोऱ्यावर जे उमटणार ते कपड्यावर आधी दिसतं.

पितळ आणि तांबं इथेच गळाले, दोघांनी काळसर ओघळ सोडला. तांबट आळीतून आणलेला तांब्याचा गोल ठोकळा इतका सुरेख मठारलेला होता की तो वापरता यावा असं मनापासून वाटत होतं. अॅल्युमिनियमनं करडी रेघ सोडली. साधं पोलाद घासताना स्वच्छ राहिलं, पण ओल्या कपड्यावर रात्रभर ठेवलं तेव्हा सकाळी गंजाचा तपकिरी ठसा होता. लाकडांचा निकाल अनेकांना अनपेक्षित वाटेल. सागवान आणि शिसम दोन्ही कठीण, दोन्हींवर आरशासारखी झिलई येते, पण ओलाव्यात दोन्ही रंग सोडतात. सागवानाचा पिवळट तपकिरी, शिसमाचा जांभळट. पांढऱ्या लिननवर हे चालणार नाही. अकीक दगडाचा घोटा स्वच्छ निघाला, पण इतका लहान की फूटभर मुठीवर त्याच्या फिरण्याच्या वळ्या राहतात.

उरले तीन: बुकबाइंडरची हाडाची पट्टी, काचेची भरीव कांडी आणि स्टेनलेस स्टील.

हाडाचा स्पर्श मला फार आवडतो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास बांधणीचं काम करणाऱ्यांच्या हातात अशा पट्ट्या वर्षानुवर्षं झिजून मऊ झालेल्या दिसतात. पण पट्टी पातळ आणि आखूड असते, सगळी मूठ तिनं एकसारखी दबत नाही. ती मी टोकांसाठी राखून ठेवली. काच डाग देत नाही, गंजत नाही, आणि तिच्यासारखी गुळगुळीत दुसरी वस्तू नाही. काचेबाबत माझी एकच अट: कांडी भरीव हवी आणि दांडा हातानं फिरवायचा. पोकळ नळी किंवा बाटली फिरत्या खरादावर टेकवणं धोक्याचं आहे. फुटली तर ती हातातच फुटते, आणि हातमोजे घालून बचाव करावा तर मोजा खरादात गुंततो आणि हात आत ओढला जातो. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नकोतच.

आखूड चाचणी-दांड्यांवर काच आणि स्टील दोन्हींनी दोरा छान सपाट केला. मग मी क्यूच्या मागच्या तुकड्याइतका, म्हणजे सुमारे २९ इंच लांब दांडा खरादावर दोन टोकांत धरला, स्टीलची गोल कांडी टेकणीवर, म्हणजे खरादावर हत्यार टेकवायच्या आधारावर, रेटून घोटलं, आणि मालकिणीची तक्रार जशीच्या तशी समोर उभी राहिली. मागचा भाग सपाट. पुढचा फुगीर.

हे का होतं? क्यूच्या मागच्या तुकड्यात मूठ मागच्या बाजूला असते. तिचं मागचं टोक खरादाच्या एका आधाराजवळ येतं, पुढचं टोक दोन आधारांच्या जवळपास मध्यावर. दोन टोकांना टेकवलेला दांडा मध्यावर सगळ्यांत जास्त वाकतो. ढोबळ गणित केलं: २७ मिलिमीटर सरासरी व्यासाचा मेपलचा दांडा, आधारांतलं अंतर ७३ सेंटिमीटर, मध्यावर दहा किलोचा जोर. वाक दोन ते अडीच मिलिमीटर येतो. घोटल्यानं दोरा दबायचा किती, तर मिलिमीटरचा काही दशांश. कांडी टेकणीवर अडकवून धरली की लाकूड मागे सरतं आणि पुढच्या दोऱ्याला हवा तो दाब कधी मिळतच नाही. आधीच्या कारागिराच्या हातात कमीपणा नव्हता. एका बाजूनं दाबणारं कुठलंही हत्यार, काचेचं असो की स्टीलचं, इथे तेच करणार. तोपर्यंत मी पदार्थांची तुलना करत होतो, आणि या दांड्यानं प्रश्नाची जागाच बदलली. हत्यार कशाचं आहे याइतकंच ते जोर कुठून लावतं हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्टही त्याच वेळी दिसली. घासणारं हत्यार दोऱ्याला दाबतं तसंच बाजूलाही ढकलतं. ओल्या दोऱ्यावर कांडी मागून पुढे सरकवली की वेढे केसाच्या रुंदीइतके पुढे लोटले जातात आणि सुरुवातीला बारीक फट उघडते. लोळणारं हत्यार खालीच दाबतं.

रस्ता मामांनी दाखवला. मी कागदावर दोन रोलरचा चिमटा काढत होतो. ते म्हणाले, ‘भाऊ, दोनात दांडा निसटणार. प्लंबरचा पाइप-कटर बघा की. खाली दोन चाकं, वर एक. पाइप कुठं जातोय?’ अगदी बरोबर होतं. तीन बाजूंनी धरलेला दांडा वाकत नाही, कारण जोर आणि त्याला लागणारा आधार एकाच जागी असतात. खरादाच्या टोकांवर काहीच भार येत नाही. शिवाय पाइप-कटरला स्क्रू असतो, त्यामुळे दाब हाताच्या थकव्यावर अवलंबून राहत नाही. पाव फेरा म्हणजे पाव फेरा.

मग तसंच करून घेतलं. पाइप-कटरच्या सांगाड्यात तीन रोलर, ३०४ जातीच्या स्टेनलेसचे, व्यास २५ मिलिमीटर, लांबी ४०. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांत ६२५ नंबरचं बेअरिंग, बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर. रोलरच्या कडा भरपूर गोल करून घेतल्या, नाहीतर प्रत्येक फेरीला कड दोऱ्यावर वळ उठवते. क्यू पुढे निमुळता होत जातो, म्हणून वरच्या रोलरचं घर किंचित डुलतं ठेवलं, म्हणजे तो चाळीस मिलिमीटर सगळाच टेकतो. भोसरीच्या पट्ट्यात असं बारीक काम करणारे आहेत, हे आपल्या शहराचं भाग्य. झिलई मात्र मी स्वतः दिली आणि ओल्या कपड्याची परीक्षा पुन्हा घेतली. पांढरा डेलरिन (एक कठीण प्लास्टिक) वापरावा का, याचाही विचार केला होता. तो डाग देत नाही, गंजत नाही, स्वस्तही पडतो. पण दाबाखाली तो स्वतः किंचित दबतो, आणि एखादा खडा रुतला की त्याचा ओरखडा पुढच्या प्रत्येक मुठीवर उमटत राहील.

टोकाच्या गाठीला कोणतंही हत्यार लागू नव्हतं. गुंडाळी संपवताना दोऱ्याचं शेपूट शेवटच्या वेढ्यांखालून ओढून घेतात. खाली लाकडात जागा नसेल तर ते वेढे शेपटावर चढतात आणि उंचवटा होतो. कितीही घोटा, तो राहतोच. म्हणून दोरा चढवण्याआधी खाचेच्या तळाशी क्यूच्या लांबीच्या दिशेनं दोऱ्याच्या जाडीची एक बारीक चर कोरली आणि शेपूट तिच्यात बसवलं. उरलेल्या गोंदावर आणि खाचेच्या कडांवर पातळ लॅकरचा हात दिला, म्हणजे पाणी लाकडात आणि पॉलिशखाली शिरत नाही.

घोटण्याआधी दोऱ्यावरची लव जाळून घेतली: स्पिरिटच्या दिव्याची ज्योत, दांडा फिरता, ज्योत सतत सरकती. हे कोरड्या दोऱ्यावरच होतं. लॅकर पूर्ण वाळून त्याचा वास गेल्याशिवाय ज्योत जवळ आणायची नाही.

खळ कॉर्नफ्लोअरची घेतली, ताकाहून पातळ, शिजवून गाळलेली. तांदळाची पेजही चालते, पण गुठळी राहण्याची भीती जास्त. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावणारे आहेत. त्यानं मूठ कणखर होते, पण पांढरा दोरा पिवळा पडतो आणि घाम शोषायचा थांबतो. मालकिणीला कोरडा, कापडी स्पर्श हवा होता, तेव्हा लाख आणि मेण दोन्ही नको म्हटलं. खळीची एक बाजू तिला आधीच सांगितली: पावसाळ्यात तिला बुरशी धरू शकते आणि कसर लागू शकते. म्हणून क्यूच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या.

सगळा खेळ यानंतरच्या वेळेचा आहे. खळ लावल्या लावल्या घोटलं तर रोलरला दोरा चिकटून उचलला जातो. पार वाळल्यावर घोटलं तर दोरा ऐकत नाही. बोट लावल्यावर गार लागेल पण ओलं होणार नाही, तो क्षण हवा. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी हा क्षण येतो आणि जातो, मुठीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. हे काम जुलैत झालं, बाहेर पाऊस, खोलीत दमट हवा, त्यामुळे वाट पाहावी लागली पण घाई करावी लागली नाही. मामांच्या खरादाचा सगळ्यांत मंद वेगही लाकूड कातायचा वेग आहे. तेव्हा पट्टा काढून दांडा हातानं फिरवला, एकानं फिरवायचं आणि दुसऱ्यानं हत्यार सरकवायचं. पहिली फेरी नुसत्या स्पर्शाची, मग प्रत्येक फेरीला स्क्रू थोडा पुढे. दोरा हत्याराखालीच वाळत गेला तर सपाट राहतो, हत्यार लवकर काढलं तर पुन्हा किंचित फुगतो. म्हणून शेवटच्या फेऱ्या हलक्या दाबाच्या पण लांबलेल्या. टोकांचे चार-सहा वेढे हाडाच्या पट्टीनं, पॉलिशवर कागदी टेप लावून.

एक दिवस वाळू दिल्यावर पट्टा पुन्हा चढवला आणि चांबड्याच्या तुकड्याच्या गुळगुळीत बाजूनं फिरत्या मुठीवर हलका हात दिला. घर्षणानं जेवढी ऊब येते तेवढीच इथे पुरते.

मालकिणीनं मूठ मागून पुढे तळहातात फिरवली, डोळे मिटून परत फिरवली, आणि म्हणाली, ‘दोरा कुठे सुरू होतो ते कळत नाहीये.’ मामा म्हणाले, ‘ताई, आता पेटीत ठेवू नका, खेळा.’ पुढे मी तो क्यू पावसाळा संपल्यावर पुन्हा पाहिला. पुढचा आणि मागचा भाग एकाच पातळीवर होता, गोंदाचा डाग कुठे नव्हता. हाताच्या जागी दोरा थोडा मळला होता, तो लिननचा धर्म आहे. ओल्या फडक्यानं तो पुसायचा नाही, असं तिला बजावलं आहे, कारण पाण्यानं खळ पुन्हा मऊ होते आणि वेढे परत उठतात. कोरडं पांढरं फडकं दाबून फिरवावं.

हा निर्णय लिननपुरता आहे. स्वस्त क्यूंवर अनेकदा नायलॉनचा दोरा असतो. तो पाणी फार कमी पितो आणि खळीनं नमत नाही, तेव्हा थंड रोलरनं त्याचा आकार बदलण्याची अपेक्षा धरू नये. चामड्याच्या मुठीवर तर हे रोलर चालवूच नयेत, त्यांचा पट्टा कायमचा उमटतो. आणि खाच दोऱ्याच्या जाडीपेक्षा बरीच उथळ असेल तर आधी खाच दुरुस्त करावी किंवा बारीक दोरा घ्यावा. तिथे जोर वाढवला तर दोरा पसरतो, वेढे एकमेकांवर चढू पाहतात, आणि सगळा दोरा उतरवून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळावा लागतो.